सहा महिन्यांचा निवारा

दर वर्षी ऊसतोडीचा हंगाम आला की बीड जिल्ह्यातल्या पाटोदा, शिरूर कासार, वडवणी, धारूर, केज भागातल्या ऊसतोड टोळ्या पश्चिम महाराष्ट्र आणि कर्नाटकातल्या कारखान्यांच्या वाटेला लागतात. त्या परततात तोवर शाळेचे वर्ष संपत आलेले असते, आणि मजुरांच्या मुलींची शाळा मधेच सुटलेली असते. मुलींच्या शिक्षणहक्काचा लढा म्हटले की मलाला युसुफझाई आठवते. २०१२ साली स्वात खोऱ्यात शाळेतून घरी जाताना तिच्यावर गोळी झाडली गेली. त्याही आधी, १८५५ मध्ये, फुल्यांच्या शाळेत शिकणाऱ्या जेमतेम चौदा वर्षांच्या मुक्ता साळवेने ‘ज्ञानोदया’त निबंध लिहून मांग-महारांच्या दुःखाचा जाब समाजाला विचारला. या दोघींचा विरोधक समोर उभा होता. बीडच्या मुलीची शाळा मात्र कुणी धाकाने बंद करत नाही. ती हंगामात सुटते. म्हणून माझे म्हणणे असे की, इथे शिक्षणाचा हक्क म्हणजे आधी आईबाप उसाच्या फडात असताना सुरक्षित राहण्याच्या जागेचा हक्क. ती जागा बारावीपर्यंत मिळत नाही, तोवर बाकीच्या सवलती मुलींपर्यंत पोचणार नाहीत.

याचे मूळ मजुरीच्या व्यवहारात आहे. मुकादम उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, देतो ती ‘कोयत्या’वर, आणि नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. मुलगी सोबत नेली तर पहाटे आईबाप फडात गेल्यावर कोपीत, म्हणजे तळावरच्या झोपडीत, धाकट्याला सांभाळणे, पाणी भरणे, भाकरी थापणे तिच्याच वाट्याला येते. जरा मोठी झाली की ती वाढ्यांच्या, म्हणजे उसाच्या शेंड्यांच्या, पेंढ्याही बांधू लागते. गावी ठेवली तर थकलेल्या आजीच्या भरवशावर. अशा वेळी लग्न लावून दिले की माहेरची काळजी मिटते आणि सासरचा कोयता पूर्ण होतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) वीस ते चोवीस वयाच्या स्त्रियांपैकी अठराच्या आत लग्न झालेल्यांचे प्रमाण राज्यात सुमारे २२ टक्के, तर बीडमध्ये ४३ टक्क्यांहून अधिक होते. याच जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांची चौकशी सरकारला २०१९ मध्ये करावी लागली. कोवळ्या वयात संसार आणि फड एकत्र अंगावर पडल्याची किंमत शरीर पुढे मोजत राहते.

आपली धोरणे नेमकी नको तिथे थांबतात. २००९ चा शिक्षण हक्क कायदा सहा ते चौदा वयापुरता आहे, आणि स्थलांतरित मजुरांच्या मुलांसाठीच्या हंगामी वसतिगृहांचा आधारही त्याच वयोगटाभोवती फिरतो. म्हणजे घरात स्थळांची बोलणी सुरू होतात, त्याच सुमारास सरकार हात काढून घेते. २०२४ पासून राज्याने आर्थिकदृष्ट्या मागास घरांतल्या मुलींना व्यावसायिक पदवीचे शुल्क माफ केले, हे चांगलेच झाले. पण नववीत शाळा सुटलेल्या मुलीला त्याचा काय उपयोग?

यावर कुणी म्हणेल, बालविवाह प्रतिबंधक कायदा आहे, तो कडक राबवा. राबवायलाच हवा. तत्त्वशील कांबळे, अशोक तांगडे यांच्यासारखे कार्यकर्ते बीडमध्ये वर्षानुवर्षे अशी लग्ने थांबवत आले आहेत. पण मांडवातून परत आणलेली मुलगी दुसऱ्या दिवशी राहणार कुठे, हे कायदा सांगत नाही. दुसरा आक्षेप साखरशाळांचा: शाळाच तळावर न्यावी. लहानग्यांसाठी तो आधार जरूर आहे, पण दहावीचे गणित-विज्ञान फिरत्या वर्गात होत नाही, आणि कर्नाटकात गेलेल्या मुलीला तर शाळेची भाषाच वेगळी भेटते. तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार: वयात आलेली पोर आईबापांपासून दूर कशी ठेवायची? ही भीती अडाणीपणाची नव्हे, अनुभवाची आहे. म्हणूनच वसतिगृहात महिला अधीक्षक, रात्रीची राखण, डॉक्टरांची फेरी आणि आईशी रोज फोनवर बोलण्याची सोय या मूळ अटी मानाव्या लागतील.

हे अशक्य नाही. मुलींची निवासी कस्तुरबा गांधी बालिका विद्यालये बारावीपर्यंत नेण्याची वाट २०१८ च्या समग्र शिक्षा योजनेने मोकळी केली. राज्याने २०२१ मध्ये संत भगवानबाबांच्या नावे ऊसतोड कामगारांच्या मुलामुलींसाठी ४१ तालुक्यांत ८२ वसतिगृहांची योजना मंजूर केली. या वसतिगृहांत आठवीनंतरच्या मुलींना पहिला प्रवेश द्यावा, ती टोळ्या निघण्याआधी उघडावीत आणि परीक्षा संपेपर्यंत चालवावीत. स्वतःचे लग्न थांबवायला १०९८ या बालकांच्या मदत क्रमांकावर फोन करणारी मुलगी आपला लढा एकटीने सुरू करते. पुढची जबाबदारी सरकारची आणि तिच्या कष्टाची साखर खाणाऱ्या आपल्या सगळ्यांची आहे.