देवालय, सिमेंट आणि यंत्राचा कौल

चारमिनारचा दगड १५९१ साली चुन्याने सांधला गेला. आज हैदराबादेत नवा सभामंडप बांधावयाचा म्हटले की सिमेंट-काँक्रीट आलेच. त्याबद्दल कुरकुर करावी असे आम्हांस वाटत नाही. विचार करावयाचा तो त्याच्या एका दोषाचा.

तांडूरची फरशी पुष्कळांच्या अंगणात आहे. त्याच परिसरातील चुनखडीवर सिमेंटचे कारखाने चालतात. चुनखडी भट्टीत भाजली म्हणजे तिच्यात दडलेला कार्बन डायऑक्साइड वायू बाहेर पडतो. इंधनाचा धूर निराळाच. जगातील या वायूच्या उत्सर्जनात सुमारे ७ ते ८ टक्के वाटा सिमेंटचा आहे. म्हणून सिमेंटच्या काही भागाऐवजी औष्णिक वीजकेंद्राची राख घालतात. आमच्या रामगुंडमला राखेची वाण नाही; प्रश्न आहे तो प्रमाणाचा.

येथे कृत्रिम बुद्धिमत्ता कामास येते. अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठ व मेटा कंपनी यांच्या संशोधकांनी हजाराहून अधिक मिश्रणांच्या जुन्या नोंदी यंत्रास शिकविल्या. त्याच्या साहाय्याने योजिलेले काँक्रीट डीकाल्ब येथील डेटा सेंटरच्या बांधकामात वापरले गेले, आणि कार्बनचा भार सुमारे ४० टक्क्यांनी उतरल्याचे २०२२ साली जाहीर झाले. जुना गवंडी चुन्याच्या अनेक घाण्या मळून जे शिकत असे, ते यंत्र नोंदींवरून शिकते.

परंतु देवाचा कौल आपण शिरोधार्य मानतो. यंत्राचा कौल पडताळावा लागतो. त्या नोंदी परक्या वाळूच्या, परक्या हवेच्या. हैदराबादेत वाळू पुष्कळदा ग्रॅनाइट फोडून केलेली, आणि वैशाखातले ऊन तर सर्वांस ठाऊक आहे. इथल्या मिश्रणाचे ठोकळे इथेच दाबून पाहिल्यावाचून ते प्रमाण मानू नये.

दुसरी गोष्ट आमच्या जीर्णोद्धार समित्यांच्या हाती आहे. राखमिश्रित काँक्रीट सावकाश बळ धरते. सातव्या दिवशी ते मागे पडलेले दिसते. २८ व्या, ५६ व्या दिवसापर्यंत उणीव भरून काढते, मात्र त्यावर पाणी अधिक दिवस मारावे लागते. आमचा मुहूर्त आधी ठरतो आणि स्लॅब मागाहून पडतो! मग घाईपोटी सिमेंट वाढते, आणि त्याचा दोष कुणाच्याच माथी येत नाही.

तेव्हा कलशारोहणाची तिथी काढताना पंचांगाबरोबर काँक्रीटचाही काळ पाहावा, आणि समितीच्या पुढील सभेत अभियंत्यास एवढे अवश्य विचारावे : सिमेंट किती घालणार, आणि राख का नाही?