लहानशी गोष्ट

लेखनास मोठा विषयच हवा, असें आम्हां विद्यार्थ्यांस उगाच वाटतें. प्रा. ना. सी. फडके यांच्या 'गुजगोष्टी' १९३३ सालीं व अनंत काणेकर यांचीं 'पिकलीं पानें' १९३४ सालीं प्रसिद्ध झालीं. त्यांतील विषय किती घरगुती आहेत!

२५ जुलै २०२४ रोजीं खडकवासला धरणांतून मुठेंत ३५ हजार क्युसेकांहून अधिक पाणी सोडण्यांत आलें व एकतानगरींतील घरांत पाणी शिरलें. एक क्युसेक म्हणजे सेकंदास सुमारें २८ लिटर, अर्थात् दोन मोठ्या घागरी. दुसऱ्या दिवशीं ही बातमी मीं आजीस वाचून दाखविली. आमची खराडी मुळामुठेच्या कांठीं, शहराच्या खालच्या अंगास. तेव्हां तें सारें पाणी आमच्याच शिवेवरून गेलें. आजीनें आंकड्याकडे लक्षच दिलें नाहीं. ती म्हणाली, "काल नदींतून कुणाची तरी गादी वाहत चालली होती रे. रात्रीं त्यांचीं लेकरें कुठें निजलीं असतील?"

निबंधांत पुराचीं कारणें व उपाय लिहावेत, असा आमच्यांत प्रघात आहे. मीं मात्र आजीचा प्रश्न तेवढा लिहिला, व त्यापुढें कांहीं लिहावेंसें न वाटल्यामुळें वही मिटली.