कडेवरचं जपान

०
टोकियोहून क्योटोला जाताना उजव्या बाजूची खिडकी मागून घ्या, फुजी दिसतो, हे जाऊन आलेला प्रत्येक जण सांगतो. सहा वर्षांखालच्या मुलाला शिंकान्सेन या बुलेट ट्रेनचं तिकीट लागत नाही, पण मग राखीव सीटही मिळत नाही, हे कोणी सांगत नाही. त्यामुळे दोन तासांहून जास्त वेळ आमची पोरगी मांडीवर. पाऊण तासाच्या आत फुजी आला. 3,776 मीटर, आणि पायथ्याशी कागद कारखान्यांची धुरांडी. आम्ही दोघं काचेला चिकटलो. तिला मात्र समोरच्या सीटमागचं घडीचं टेबल सापडलं होतं. उघड, मीट. उघड, मीट. फुजी ढगात गेला तरी टेबल चालूच.

०
मोठ्या स्टेशनांवर एका टेबलावर रबरी शिक्का आणि शाईचा पॅड ठेवलेला असतो. फुकट. प्रत्येक स्टेशनाचा शिक्का वेगळा: कुठे देऊळ, कुठे डोंगर, कुठे किल्ला. तिच्यासाठी एक कोरी वही घेतली आणि आमची ‘बघायच्या ठिकाणांची यादी’ त्या दिवशी निकालात निघाली. आता कुठे उतरायचं ते वही ठरवते. शिक्का दोन्ही हातांनी दाबायचा, वर जवळजवळ पालथं पडायचं, आणि उचलताना हमखास हलवायचा. वहीतले सगळे किल्ले दुमजली झालेत.

०
स्टेशनवरच्या स्वच्छतागृहात, आत कडी लावल्यावर, भिंतीच्या कोपऱ्यात एक छोटी खुर्ची. पट्ट्यासकट. मुलाला तिथे बसवायचं आणि आपलं उरकायचं. तान्ह्या मुलाला घेऊन एकटीने प्रवास केलेल्या कुठल्याही बाईला या खुर्चीचं मोल समजावून सांगावं लागणार नाही.

०
शाकाहारी माणसाची इथे पंचाईत मांसापेक्षा दाशीने होते. वरवर नुसत्या भाजीचं वाटणारं सूपही बहुतेक वेळा सुकवलेल्या बोनिटो माशाच्या पाण्यात, म्हणजे दाशीत, केलेलं असतं. सुटका म्हणजे भात. जपानी भात आपल्या आसट भातासारखा चिकट, त्यामुळे घरून आणलेलं मेतकूट त्यावर फार छान बसतं. बाकी वेळी कोपऱ्यावरच्या दुकानातली ओनिगिरी, म्हणजे भाताचा गोळा, आत उमेबोशी हा खारवलेला प्लम असलेली. तिच्या वेष्टनावर 1, 2, 3 असे आकडे असतात: 1 वरची पट्टी मधून खाली ओढायची, मग 2 आणि 3 ची टोकं बाजूला. समुद्रशेवाळाचा पापुद्रा तोवर भाताला लागलेला नसतो, म्हणून कुरकुरीत राहतो. पोरगी खात नाही, फक्त उघडते. उघडलेल्या आम्ही खातो.

०
नारा, मोकळ्या हरणांचं गाव. आपल्या कमरेला लागणारं हरीण तिच्या थेट तोंडासमोर येतं, त्यामुळे आमचं गोड आणि तिचं भयंकर. हरणांना द्यायच्या बिस्किटांचा गठ्ठा ज्या कागदी पट्टीने बांधलेला असतो ती पट्टीसुद्धा हरणाने खाल्ली तर चालेल अशीच केलेली. बिस्किटं संपली की दोन्ही रिकामे तळवे दाखवायचे, हरीण निघून जातं. तिने बिस्किटं हातात असतानाच तळवे दाखवायला सुरुवात केली.

०
इथल्याच तोदाईजी देवळातला बुद्ध जवळजवळ पंधरा मीटर उंच. 752 मध्ये त्याचे डोळे रंगवून प्राणप्रतिष्ठा केली ती बोधिसेन नावाच्या भारतीय भिक्षूने. त्याच्या कुंचल्याला लांबलचक दोऱ्या बांधल्या होत्या आणि जमलेल्या लोकांनी त्या धरल्या होत्या, म्हणजे डोळे उघडण्यात सगळ्यांचाच हात. मागच्या बाजूला एका खांबाला बुद्धाच्या नाकपुडीएवढं भोक आहे. त्यातून पार होणाऱ्याला ज्ञानप्राप्ती होते म्हणे. ती सरपटत गेली, पलीकडून निघाली आणि विचारलं, शिक्का कुठे मिळतो?

०
टोकियोतलं उएनोचं प्राणिसंग्रहालय. 1943 मध्ये, बॉम्बहल्ल्यात प्राणी मोकाट सुटतील या धास्तीने, इथले तिन्ही हत्ती उपाशी ठेवून मारले. युद्धानंतर टोकियोच्या मुलांनी नेहरूंना पत्रं लिहिली: आम्हाला हत्ती द्या. 1949 मध्ये नेहरूंनी एक हत्तीण पाठवली, आपल्या मुलीचं नाव दिलेली. ही इंदिरा 1983 पर्यंत इथे होती. पोरीला गोष्टीचा उत्तरार्ध तेवढा सांगितला. पूर्वार्धाला वेळ आहे.

०
संध्याकाळी पाचच्या सुमारास अनेक गावांत खांबावरच्या भोंग्यांतून एक सूर वाजतो. भूकंप किंवा पूर आला तर इशारा द्यायची ती यंत्रणा, रोज गाणं वाजवून ती चालू आहे ना ते तपासतात. मुलांच्या लेखी त्याचा अर्थ एवढाच: खेळ बंद, घरी चला. आमच्याकडे हे काम गॅलरीतली आजी करते.

०
बागेत बाबागाड्या पुष्कळ. वाकून पाहावं तर निम्म्यांत कुत्री, स्वेटर घातलेली. 2024 मध्ये देशात जन्मलेली जपानी बाळं प्रथमच सात लाखांच्या खाली गेली. इतक्या खुर्च्या, इतकी लिफ्टं, इतके पाळणे, आणि बसायला येणारे कमी.

०
2016 मध्ये टोकियोशेजारच्या इचिकावा शहरात एक नियोजित पाळणाघर आसपासच्या रहिवाशांच्या विरोधामुळे रद्द झालं. एक मोठी तक्रार होती मुलांच्या आवाजाची. त्याच्या आदल्याच वर्षी टोकियोने आपल्या गोंगाटविरोधी नियमांतून लहान मुलांचा आवाज वगळला होता. म्हणजे टोकियोत पाळणाघरात, बागेत मुलांनी ओरडलं तर ते आता डेसिबलच्या मर्यादेत मोजत नाहीत.

आगगाडीच्या डब्यात मात्र टाचणी पडली तरी ऐकू येईल अशी शांतता. पोरगी बडबडगीत म्हणायला लागली की आम्ही दोघं एकदमच ‘श्श्’ करतो. समोरच्या आजींनी मान वर करून पाहिलं ते तिच्याकडे नाही, आमच्याकडे.