गाडीतला दोष आणि मनातली लाज

मी एका पतसंस्थेत कारकून आहे. बी. कॉम. झाल्यापासून दुसऱ्यांचे हिशेब तपासण्यातच माझी नोकरी गेली. वस्तीतले लोक रेशनकार्डापासून घराच्या करारापर्यंत कागद घेऊन माझ्याकडे येतात. "आधी भाऊंना दाखवा, मग सही करा," असे एकमेकांना सांगतात. अशा या भाऊंनी सव्वा लाखाची वस्तू डोळे मिटून घेतली. ती हकीकत सांगायला मला दोन वर्षे लागली.

२०२३ साली आईचे गुडघे फारच दुखू लागले. नाशिकरोडहून दवाखान्यात नेताना रिक्षात चढायला तिला दोघांचा आधार लागे. घरात विचार झाला, जुनी का होईना, एक लहान मोटार घ्यावी. पतसंस्थेतून ६०,००० कर्ज काढले, पत्नीने बचत गटातले २५,००० दिले, ४०,००० शिल्लक होते ते घातले. एका परिचिताने हायवेलगतच्या एका जुन्या गाड्यांच्या दुकानदाराकडे नेले. "एकाच साहेबांनी वापरलेली गाडी, इंजिन ओके, फक्त ४६,००० किलोमीटर," असा संदेश त्याने मोबाईलवर आधीच पाठवला होता. आम्ही गेलो तेव्हा गाडी सुरू करून ठेवलेली होती. सपाट रस्त्यावर दोन फेऱ्या मारल्या आणि पैसे मोजले. मेकॅनिकला बरोबर न्यायचे तर त्याला हजार रुपये द्यावे लागले असते. ते मी वाचवले!

तिसऱ्या आठवड्यात कल्याणला भाचीच्या लग्नाला गेलो. येताना कसारा घाट चढताना उष्णतेचा काटा लाल रेषेवर गेला आणि बॉनेटमधून वाफा निघू लागल्या. आई मागे बसलेली. गाडी कडेला घेतली, तासभर थांबलो. तापलेल्या रेडिएटरचे झाकण उघडू नये, उकळते पाणी अंगावर उडते, एवढे ठाऊक होते म्हणून भाजलो नाही. पाणी घालत घालत रात्री घरी पोचलो.

दुसऱ्याच दिवशी गाडी मेकॅनिकला दाखवायला हवी होती. पण मला लाज वाटली. जगाला शहाणपण शिकवणारा माणूस फसला, हे वस्तीत कळेल. मी रोज पहाटे उठून, कोणी पाहायच्या आत रेडिएटरमध्ये पाणी घालू लागलो. असा एक महिना गेला.

शेवटी गल्लीतल्या मिस्त्रींनीच एकदा विचारले, "भाऊ, रोज पाणी का घालताय?" त्यांनी ऑइलचे झाकण काढून दाखवले. आतून दह्याच्या सायीसारखा पांढरट थर! इंजिनाच्या ऑइलमध्ये पाणी मिसळत होते, हेड गॅस्केट गेले होते. गाडी लवकर तापू नये म्हणून थर्मोस्टॅटही कोणीतरी काढून टाकलेला होता, त्यामुळे सपाट रस्त्यावर काही कळत नव्हते. पुढे कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमध्ये गाडीचा नंबर दिला. २०१९ सालीच ती ८८,००० किलोमीटर चाललेली होती. मीटर मागे फिरवलेला होता.

दुरुस्तीचा खर्च निघाला २१,५००. मिस्त्री म्हणाले, "घाटात तापली तेव्हाच थांबवली असती तर निम्म्यात झालं असतं. आता हेडही वाकलंय." ही माझ्या लाजेची किंमत होती. पगार होईपर्यंत गाडी तशीच उभी राहिली.

दुकानदाराकडे गेलो, तर त्याने पावतीवरचे "जशी आहे तशी" हे शब्द दाखवले. मग आवाज खाली आणून म्हणाला, "दुरुस्ती करताच कशाला? ऑइल बदला, गिऱ्हाईक यायच्या आधी गाडी गरम करून ठेवा. गिऱ्हाईक मी पाठवतो. तुम्ही फक्त बोलू नका." मला कसे फसवले गेले, ते त्याने आपल्याच तोंडाने सांगितले होते!

रविवारी एक पोरगा आला, बरोबर त्याची आई. आई चार घरची धुणीभांडी करणारी. कंपनीतल्या कामगारांची ने-आण करून चार पैसे मिळवावेत, असा पोराचा बेत. माऊली सीटवरून हात फिरवत होती. पोराने विचारले, "काका, गाडीत काही प्रॉब्लेम नाही ना?"

खरे सांगतो, मी लगेच उत्तर दिले नाही. कर्जाचा हप्ता डोळ्यांपुढे होता. पण त्या माऊलीचे पैसेही माझ्या पत्नीच्या पैशांसारखेच, दहा-वीस करून जमवलेले. मी बॉनेट उघडून सगळे दाखवले. मीटरचेही सांगितले. ती दोघे चहा पिऊन गेली.

पत्नी म्हणाली, "त्या पोराला खरं सांगायला लाजला नाहीत, मग त्या दुकानदाराला लेखी विचारायला कसली लाज?"

त्याच रात्री पत्र लिहिले. तारीख, रक्कम, मोबाईलवरचा संदेश, सर्व्हिस सेंटरची नोंद, दुरुस्तीचा अंदाज, सारे जोडले. पंधरा दिवसांत उत्तर द्यावे, नाहीतर ग्राहक आयोगाकडे जाईन, असे लिहून स्पीड पोस्टाने पाठवले. अकराव्या दिवशी फोन आला. घासाघीस होऊन १२,००० चा धनादेश मिळाला. बाकीचे ९,५०० माझे गेले. तोंडी भांडणाने एक रुपयाही मिळाला नव्हता.

आता आपल्या उपयोगाचे चार शब्द. १९३० च्या मालविक्री कायद्यानुसार सर्वसाधारणपणे घेणाऱ्यानेच वस्तू पारखून घ्यायची असते. म्हणून गाडी थंड असताना सुरू करायला लावा, चढावर चालवा, ऑइलचे झाकण काढून पाहा आणि मेकॅनिकला बरोबर न्या. पण विकणारा व्यापारी असेल आणि त्याने खोटे सांगितले असेल, तर २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली जिल्हा आयोगाकडे दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते. ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही. १९१५ या क्रमांकावर फोन करून सल्ला मिळतो. स्वतः गाडी चालवून पोट भरण्यासाठी ती घेतली असेल, तरीही आपण ग्राहकच ठरतो. आपल्या पोरांनी हे लक्षात ठेवावे. जुन्या गाड्यांच्या व्यापाऱ्याला १ एप्रिल २०२३ पासून आरटीओचे अधिकारपत्र लागते, ते आधी मागावे.

कागदांत ढिलाई नको. फॉर्म २९ व ३० भरून गाडी आपल्या नावावर करून घ्यावी. आरसीवर बँकेचा बोजा असेल तर बँकेच्या सहीचा फॉर्म ३५ घ्यावा. विम्यावरचे नाव बदलण्यासाठी १४ दिवसांत अर्ज करावा. आणि आपण गाडी विकली तरी ती नव्या मालकाच्या नावावर झाल्याची खात्री करावी. नोंदीत ज्याचे नाव, अपघाताच्या भरपाईला तोच जबाबदार, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली दिला आहे.

सांगण्याचे तात्पर्य, फसवले गेलो म्हणून तोंड लपवू नये. फसवणारा उजळ माथ्याने फिरतो आणि आपण पहाटे चोरासारखे पाणी घालतो, हे उलटे आहे. गाडी थांबवावी, चार माणसांना सांगावे आणि लेखी विचारावे.

तो पोरगा पुढे गाडी घ्यायला निघाला तेव्हा मिस्त्रींना आणि मला बरोबर घेऊन गेला. आमची मोटार दुरुस्त झाली, आई तीतूनच दवाखान्यात जाते. मीटर मात्र खोटाच आहे. म्हणून आरसीच्या पाकिटात मी एक चिठ्ठी लिहून ठेवली आहे, सर्व्हिस सेंटरमधल्या त्या नोंदीची. उद्या ही गाडी ज्याच्या हाती जाईल, त्याला किल्लीबरोबर ती चिठ्ठीही मिळेल.