शोकनायकाच्या दोषाविषयी

चि. मृणालिनी,

तुझ्या टिपणात शोकांतिकांच्या नायकांचा जो तक्ता आहे, त्यात प्रत्येक नावासमोर एकेक दोष नोंदलेला आहे: ईडिपससमोर संताप, मॅक्बेथसमोर महत्त्वाकांक्षा, ऑथेल्लोसमोर मत्सर आणि ‘एकच प्याला’तील सुधाकरासमोर दारू. परीक्षेत असा तक्ता खपून जातो, किंबहुना त्याला गुणही बरे पडतात. परंतु शोकांतिका ज्या प्रश्नावर उभी असते तो त्याने सुटण्याऐवजी दडपला जातो, कारण दोष सापडला की नायकाचे दुःख म्हणजे त्या दोषाची शिक्षा, असा हिशेब वाचकाच्या मनात आपोआप जुळतो आणि मग हळहळण्याचे कारणच उरत नाही.

या सगळ्या चर्चेचे मूळ इ. स. पूर्व चौथ्या शतकातील ॲरिस्टॉटलच्या ‘पोएटिक्स’ या ग्रंथाच्या तेराव्या प्रकरणात आहे. निष्कलंक सज्जनाचा अधःपात पाहून प्रेक्षकाला केवळ उद्वेग येतो आणि निव्वळ दुष्टाचा अधःपात पाहून समाधान वाटले तरी करुणा किंवा भीती वाटत नाही. म्हणून या दोहोंच्या मधला, नामांकित आणि सुस्थितीतला, दुर्गुणामुळे नव्हे तर एखाद्या मोठ्या ‘हमार्शिया’मुळे कोसळणारा माणूस शोकांतिकेला हवा, असे तेथील प्रतिपादन आहे. हमार्शिया म्हणजे चूक, विशेषतः वस्तुस्थिती ठाऊक नसल्यामुळे वाकडे पडलेले पाऊल. हा शब्द स्वभावातील उणिवेचा वाचक म्हणून पुढे रूढ झाला, त्यात नीतीचा धडा शोधणाऱ्या टीकाकारांचा वाटा मोठा आहे. ए. सी. ब्रॅडली यांनी 1904 साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या व्याख्यानांत शेक्सपिअरच्या नायकाचा नाश त्याच्याच स्वभावातून कसा उगवतो हे दाखवले. ती मांडणी शेक्सपिअरपुरती बरीचशी खरी होती, पण पाठ्यपुस्तकांनी ती उचलून ग्रीक नाटकांवरही चढवली. अखेर 1966 साली ई. आर. डॉड्स यांनी ‘ईडिपस’विषयीच्या गैरसमजांवर एक निबंध लिहिला, आणि त्याला निमित्त झाले ते विद्यार्थ्यांच्या उत्तरपत्रिकांचे. तुझ्या तक्त्याला तेव्हा जुनी आणि भारदस्त सोबत आहे, एवढे समाधान मानायला हरकत नाही.

सोफोक्लीझच्या नाटकात ईडिपस संतापतो हे खोटे नाही. आंधळा द्रष्टा टायरेसिअस आणि मेहुणा क्रिऑन या दोघांवरही तो कटाचा आरोप करतो. मात्र नाटक सुरू होते तेव्हा बापाची हत्या आणि आईशी विवाह या दोन्ही गोष्टी घडून वर्षे लोटलेली असतात, आणि टायरेसिअसशी तो कितीही गोड बोलला असता तरी त्या पुसल्या गेल्या नसत्या. तीन रस्ते मिळतात त्या ठिकाणी त्याने रागाच्या भरात लायसला, म्हणजे आपल्या बापाला, मारले हेही खरे. परंतु तेथे आधी त्यालाच बळाने वाटेतून ढकलण्यात आले होते, आणि त्या प्रसंगाला भयंकरपणा येतो तो मारला गेलेला प्रवासी कोण होता यामुळे, जे ईडिपसला ठाऊक असणे शक्यच नव्हते. उलट ज्या भाकिताने त्याला हादरवले ते टाळण्यासाठीच तो ज्यांना आईबाप समजत होता त्यांना सोडून कॉरिंथपासून दूर निघाला होता.

कॉरिंथचा दूत येतो तो प्रवेश या दृष्टीने पुन्हा वाचावा. राजा पॉलिबस वारल्याची आणि म्हणून ईडिपसच्या हातून पितृहत्या घडण्याची भीती टळल्याची बातमी तो आणतो. मातेविषयीचे भय उरले आहे हे ऐकून, तेही दूर करावे म्हणून, पॉलिबस हा ईडिपसचा जन्मदाता नव्हताच, असे मोठ्या आपुलकीने सांगून टाकतो. दिलासा देण्यासाठी उच्चारलेल्या वाक्यानेच सर्वनाशाचे दार उघडते. कृती ज्या हेतूने केली त्याच्या नेमके उलट फळ येणे, याला ॲरिस्टॉटल ‘पेरिपेटिया’ म्हणतो आणि हाच प्रवेश त्याचे उदाहरण म्हणून देतो. ईडिपसची पत्नी आणि आई जोकास्टा हिला तेथल्या तेथे सगळे उमगते आणि ती चौकशी थांबवण्यासाठी पतीची विनवणी करते, पण तो थांबत नाही. स्फिंक्सचे कोडे सोडवून ज्या हट्टी बुद्धीने त्याने थीब्ज वाचवले, तीच बुद्धी आता रोगराईतून शहर वाचवण्यासाठी खुन्याचा माग काढत त्याच्याच दारात येते. हिला उणीव म्हणायचे असेल तर प्रजेसाठी सत्य शोधू पाहणाऱ्या प्रत्येक राजात उणीव आहे, असे म्हणावे लागेल.

हीच कसोटी गडकऱ्यांच्या सुधाकराला लावून पाहावी. ‘एकच प्याला’ 1919 साली, गडकऱ्यांच्या निधनानंतर, गंधर्व नाटक मंडळीने रंगभूमीवर आणले आणि बालगंधर्वांनी रंगवलेल्या सुधाकराच्या पत्नीमुळे, सिंधूमुळे, ते घरोघर पोहोचले. दारूबंदीचे नाटक हा शिक्का त्यावर तेव्हापासून बसला तो अजून निघालेला नाही. वस्तुतः दारूचा सोबती तळीराम पहिला प्याला पुढे करतो त्याआधीच सुधाकर घसरणीला लागलेला असतो. तो बुद्धिमान, मानी आणि कोणाचे मिंधेपण न सोसणारा वकील आहे. मुन्सफाशी खटका उडून सनद काही काळ रद्द होते आणि तो अपमान त्याला गिळता येत नाही. या मानीपणानेच त्याला मोठा केले होते. दारू ही त्या जखमेवर तळीरामाने सुचवलेली मलमपट्टी. तिने रोग वाढवला हे निर्विवाद असले तरी मूळ तिच्यात नाही.

नाटकाचे खरे बळ दिसते ते सुधाकर दारू सोडतो तेव्हा. तो शुद्धीवर आलेला असतो, काम मागायला बाहेर पडतो आणि प्रतिष्ठितांच्या दारी जाईल तेथे त्याला हिणवले जाते. निव्वळ व्यसनी माणूस हे टोमणे खाली मान घालून सोसेल आणि कदाचित वाचेलही. सुधाकराला मात्र ते सोसता येत नाहीत, आणि तो परततो तो पुन्हा न सोडण्यासाठी प्याला हाती धरूनच. तुझ्या तक्त्यात दारू लिहिली की हा प्रसंग पुनरुक्तीसारखा भासतो. मानीपणा लिहिला की तोच नाटकाचा कणा ठरतो. गडकऱ्यांनी त्याच्या तोंडी दारूवरची लांबलचक व्याख्याने घालून हा कणा झाकून टाकला, अशी तक्रार मात्र रास्त आहे.

ऑथेल्लोबद्दल थोडक्यात एवढेच, की देवलांनी ‘झुंझारराव’ या नावाने मराठीत आणलेला हा सेनापती रणांगणावर क्षणात निर्णय घेऊन जिंकत आलेला आहे आणि घरातही तसाच निर्णय घेतो. मत्सर हा त्या सवयीवर आयागोने पेटवलेला विस्तव आहे. शिरवाडकरांच्या ‘नटसम्राटा’तील (1970) अप्पासाहेब बेलवलकर मुलांना सर्वस्व देऊन बसतात, ही चूक लिअरच्या चुकीची आठवण करून देते, पण पुढे त्यांच्याकडून काही घडण्यापेक्षा त्यांच्यावर गोष्टी गुदरत जातात, आणि म्हणून ते नाटक शोकात्मतेपेक्षा कारुण्याकडे अधिक झुकते. या मताशी मतभेद असणारे पुष्कळ आहेत आणि त्यांच्या बाजूनेही बोलण्यासारखे बरेच आहे.

तक्त्यात सिंधूचे नाव नाही, ते घालावे की नाही याचा विचार तुझ्या प्रबंधात अवश्य व्हावा. माहेरची श्रीमंती नाकारून दळण दळणारी, मुलाचा जीव गेल्यावर आणि स्वतः मरणाच्या दारात असतानाही नवऱ्याला वाचवण्यासाठी फौजदारापुढे खोटे बोलणारी ही बाई बहुतेक टीकाकारांनी बळीच्या रांगेत बसवली आहे. परंतु प्रत्येक वेळी निवड तिचीच आहे, त्या निवडीमागे तिचा सर्वांत थोर मानला गेलेला गुण आहे, आणि तिने एकदा जरी आपल्या भावाचे, पद्माकराचे, ऐकून माहेरची वाट धरली असती तर निदान मूल वाचले असते. तिला नायकाचे स्थान द्यायचे तर हमार्शियाच्या व्याख्येत पातिव्रत्य बसवावे लागते, आणि गडकऱ्यांना ते मुळीच रुचले नसते.

कळावे.

तुझी आत्या