दोन हजार कोनाचे?

५ ऑक्टोबर २०२४ ला आमच्या वाशिम जिल्ह्यात, पोहरादेवीला पंतप्रधान आले होते. पीएम-किसानचा अठरावा हप्ता आणि राज्याच्या नमो शेतकरी योजनेचा पाचवा, दोन्ही त्याच कार्यक्रमात सुटले. दोन्ही दोन-दोन हजारांचे. आता कामरगावात ज्याचं बियाण्या-खतांचं दुकान आहे आणि जो स्वतः शेतकरीही आहे, त्याच्या मोबाइलचं त्या आठवड्यात काय होत असेल बघा. त्याचे स्वतःचे दोन हप्ते. शिवाय हप्ता आला म्हणून जूनपासूनची उधारी फेडायला निघालेली गिऱ्हाइकं. तेही दोन हजारच पाठवणार!

हा माणूस म्हणजे माझा मामा. बँकेचे एसेमेस आपोआप वेगळे करणारा प्रोग्राम मी त्याच्यासाठी लिहिला, आणि पहिल्याच दिवशी त्याने काम एका वाक्यात सांगितलं, "मले रक्कम नको सांगू. कोनाचे आले, थे सांग."

वरवर पाहता सोपं काम आहे. बँकांचे मेसेज ठरलेल्या साच्यातले असतात. मोबाइलमधले सगळे मेसेज एका फाइलमध्ये काढायचे, पायथनमध्ये चार रेग्युलर एक्स्प्रेशन लिहायची, झालं. पण 'क्रेडिटेड' हा शब्द शोधायला गेलात की फसलात. काही बँका पैसे गेल्याच्या मेसेजमध्येही लिहितात की तुमचं खातं डेबिट झालं आणि अमुक माणूस क्रेडिटेड. कर्जाच्या जाहिरातीतही पैसे 'क्रेडिट' होणारच असतात. आणि आकड्यांचे स्वल्पविराम! तीन-तीन अंकांच्या गटासाठी लिहिलेला इंग्रजी पुस्तकातला नमुना आपल्या २,००,००० ला लागूच पडत नाही.

म्हणून मी आधी मजकूर बघतच नाही, पाठवणारा बघतो. ट्रायच्या २०१८ च्या नियमांपासून बँकांना नोंदवलेल्या नावानेच असे मेसेज पाठवावे लागतात. त्या नावाआधीची दोन अक्षरं ऑपरेटरची आणि टेलिकॉम सर्कलची, ती बदलत राहतात, म्हणून कापून टाकायची. २०२५ पासून शेवटी आणखी एक अक्षर लागतं, जाहिरात, सेवा, व्यवहार की सरकारी ते सांगणारं. माझं अर्धं काम तिथेच होतं. दहा आकडी मोबाइल नंबरवरून 'तुमच्या खात्यात इतके जमा' असा मेसेज आला, तर तो बँकेचा नाहीच. मागोमाग फोन येतो, चुकून गेले हो, परत पाठवा. असा मेसेज 'जमा' मध्ये गेला तर खिशातून पैसे जातात. उलट खरा मेसेज बाजूला पडला तर फार तर संध्याकाळी पासबुक बघावं लागतं. या दोन चुका एका तराजूत मोजायच्या नाहीत, म्हणून थोडी शंका आली तरी माझा प्रोग्राम 'माहीत नाही' म्हणतो. (हे सगळं एखाद्या एआयला दिलं तर चुटकीसरशी होईल, असं एका मित्राचं म्हणणं. होईलही. पण मामाच्या खात्याचे मेसेज कुठल्यातरी सर्व्हरवर पाठवायला मी तयार नाही.)

मग ऑक्टोबरातले दोन हजार. यूपीआयने आलेल्या पैशाला बारा आकडी संदर्भ क्रमांक असतो. सरकारी हप्ते आधारशी जोडलेल्या खात्यात थेट येतात, त्यांना तो नसतो. एवढ्यावर मामाचे हप्ते बाजूला निघाले. खरी पंचाईत त्यानंतर. उधारी बापाच्या नावावर, पैसे टाकतो पुण्यातला मुलगा. कधी जावई. मेसेजात नाव येतं ते खातेदाराचं, आणि वहीत त्या नावाचं कोणी नाही. पैसे कोणाच्या खात्यातून आले ते मेसेज सांगतो, कोणासाठी आले ते नाही सांगत. यावर कुठलंही सॉफ्टवेअर चालणार नाही, ती माहिती मेसेजमध्ये नाहीच. आणि पैसे देऊनही वहीत नाव तसंच राहिलं, तर गावात तो माणूस पुन्हा त्या दुकानाची पायरी चढत नाही. जाताना चार लोकांना सांगून जातो ते वेगळंच.

तर आता सरळ व्यवस्था आहे. प्रोग्राम खात्रीचे मेसेज लावून टाकतो, उरलेले रविवारी मी मामाला फोनवर वाचून दाखवतो. "अमुक आडनाव, दोन हजार, सोमवार." पलीकडून लगेच उत्तर, "हाव, थे पाटलाच्या जावयाचे." मी ते नाव आणि वहीतलं पान जोडून ठेवतो, पुढच्या वेळी विचारावं लागत नाही. सुरुवातीला एका रविवारी चाळीसेक मेसेज निघायचे, आता सात-आठ.

एक भोक मात्र बुजत नाही. एचडीएफसी बँकेने जून २०२४ पासून यूपीआयने जमा झालेल्या ५०० रुपयांच्या आतल्या रकमांचे एसेमेस बंद केले. दोनशे-तीनशेची फवारणीची बाटली नेणारं गिऱ्हाईक तशा खात्यात पैसे टाकेल, तर मेसेजच येणार नाही. त्यासाठी महिन्याचं स्टेटमेंट काढून जुळवतो. कंटाळवाणं आहे, पण करतो.

त्या ऑक्टोबरातला एक दोन हजारांचा मेसेज अजून कोणाच्याच पानाला लागलेला नाही. मामाने वहीत शेवटी कोरं पान काढून त्यावर तारीख आणि रक्कम लिहून ठेवली आहे. कोणी दुकानात येऊन "मी तर दिले होते" म्हणालं, की आधी ते पान उघडतो.