खाडीपलीकडचं आपलं बेट

बेट म्हटलं की डोळ्यांसमोर काय येतं? ताहिती, बोरा बोरा, निळंशार पाणी आणि हप्त्यांवर घेतलेलं हॉलिडे पॅकेज! पण बोरिवली-मालाडकरांनो, आपलंही एक बेट आहे आणि तिथं जायला व्हिसा नाही, फेरीबोटीचं तिकीट लागतं. गोराई, मनोरी, उत्तन ही गावं असलेलं हे जुनं धारावी बेट (सायन-माहीमजवळची धारावी वेगळी!). पश्चिमेला अरबी समुद्र, उत्तरेला वसईची खाडी आणि आपल्या बाजूला मनोरीची.

आपण बहुतेक जण तिकडे गेलेलो असतो ते एस्सेल वर्ल्डच्या सहलीला, नाहीतर 2009 साली खुला झालेला पॅगोडा बघायला. मी हल्ली जाते ती खायला. इथलं जेवण चुलीवर नंतर चढतं. आधी ते चिखलात, वाळूत आणि वाऱ्यावर तयार होतं.

चिखलापासूनच सुरू करू. बोटीतून दिसणारी तिवरं म्हणजे नुसती हिरवी झाडी नव्हे. त्यांच्या मुळांच्या आडोशाला कोळंबी आणि माशांची पिल्लं वाढतात, चिखलात चिंबोऱ्या आणि निवट्या सापडतात. मुंबई उच्च न्यायालयानं 2005 साली तिवरांच्या तोडीवर बंदी आणली. ती आपल्या ताटासाठीही किती मोलाची, हे इथं कळतं.

मग किनारा. पावसाळा सरला की बांबूच्या वलांड्यांवर बोंबील वाळत पडतात, जबड्यात जबडा अडकवून, जोडीजोडीनं. ‘मावशी, मीठ किती लावता?’ मी एकदा विचारलं. ‘मीठ कशाला? ऊन हाय, वारा हाय!’ जून-जुलैत मासेमारी बंद असते, तेव्हा हेच सुके बोंबील आणि जवळा कालवणाला चव आणतात.

गावात शिरलात की ईस्ट इंडियन घरं. हे इथले मूळचे ख्रिस्ती, बोली मराठीच. ‘ईस्ट इंडियन’ हे नाव त्यांनी 1887 साली, व्हिक्टोरिया राणीच्या कारकिर्दीच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात घेतलं. त्यांचा ‘बॉटल मसाला’ उन्हाळ्यात होतो. मिरच्या वाळवायच्या, वीसेक जिन्नस भाजून कुटायचे आणि उजेड लागू नये म्हणून बियरच्या गडद बाटल्यांत ठासून भरायचे. सोबत फुगे हवेतच! मैदा, अंडं आणि नारळाचं दूध आंबवून तळलेले हे गोळे पूर्वी ताडीवर फुगत.

म्हणजे बघा, ताडी ताडाची, बोंबील वाऱ्याचा, चिंबोरी चिखलाची. मसाला बाटलीत भरून अंधेरीच्या फ्लॅटमध्ये आणता येतो. वाळवणाची मोकळी वाळू कशात भरणार? ती ‘रिकामी जागा’ म्हणून एखाद्या प्रोजेक्टखाली गेली, की त्या चवीची रेसिपी तेवढी हातात उरेल. तेव्हा जा, खा, विकत घ्या. पण वलांड्यांत घुसून फोटोसेशन नको आणि बियरच्या रिकाम्या बाटल्या वाळूत तर नकोच नको!

कसं जाल? बोरिवली पश्चिमेहून गोराई जेटी, पुढे फेरीबोट. किंवा मालाडहून मार्वे आणि मनोरीची फेरी. गाडीनं जायचं तर भाईंदर-उत्तनमार्गे वळसा.
कधी जाल? ऑक्टोबरनंतर, सुकं घ्यायला. मसाल्यासाठी मे महिना.